डॅशबोर्डवरचा पेला

नाही म्हणजे नाही, आणि आधी त्या दारावरचा हात काढा! मघापासून तेच सांगतेय — गाडी विकायची नाहीये, इंजिन बदलायचंय — आणि तुम्ही आपले खांद्यावर दोर टाकून उभे. मुलानं सांगितलं असेल फोनवर, आईचं ऐकू नका, सरळ घेऊन जा म्हणून. सांगेल तो, त्याचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायला! तो तिकडे, गाडी इकडे, आणि गाडीत कोण बसलंय ते सांगितलं त्यानं? नाही ना? बघा. गिऱ्हाईक पाठवायचं तर निदान पुरतं सांगून पाठवावं. तर ते शेजारच्या शिटवर ताठ बसलेत ना, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावून — ते आमचे मालक. गाडीचेही मालक, पण आधी माझे. आणि ते उतरणार नाहीत. तुम्ही म्हणालात, काका, जरा उतरता का, आणि त्यांनी तुमच्याकडे न बघता नुसतं घड्याळ बघितलं — असंच झालं ना? त्याचा अर्थ सांगू? अर्थ असा, की ही तुमची वेळ नव्हे. ते विद्यार्थ्याची वाट बघतायत. विद्यार्थी म्हणजे कोण? विद्यार्थी म्हणजे मी.

आणि त्यांच्या पँटीकडे असं वाकून बघू नका. कळलं मला काय मनात आलं ते. तसलं काही नाहीये! पाणी आहे ते, स्वच्छ प्यायचं पाणी, त्या समोरच्या पेल्यातलं — सकाळी सांडलं, वाळेल आपोआप. बघायचंच असेल तर पायाशी बघा त्यांच्या. दिसलं? दुसरा क्लच. दुसरा ब्रेक. असतो साध्या गाडीला? ही शिकवायची गाडी आहे, भाऊ. भंगार म्हणे! आज जे लोक मोठमोठ्या गाड्यांतून आमच्या अंगावर धूळ उडवत जातात ना, त्यांचा पहिला गिअर या गाडीत करकरलाय. सगळ्यांना पुरून उरली ही. आणि हे मास्तर. गल्लीत कुणालाही विचारा, नाव कुणाला ठाऊक नाही, मास्तर म्हटलं की घर दाखवतील.

ऑइलची पट्टी काढून बघितलीत? कधी? मी आत चहा टाकायला गेले तेवढ्यात? बरेच चपळ आहात. दुधाळ आहे म्हणता — हो, दुधाळ. साईसारखं. माहितेय मला. म्हातारी गाडी, गॅसकेट गेलं असेल आतलं, पाणी झिरपलं असेल — नाही? वरून गेलंय पाणी? बरं. कोपऱ्यावरचा मिस्त्रीही हेच म्हणाला होता. मी म्हटलं, पावसाचं असेल. तर हसला मेला, म्हणाला, मावशी, बॉनेटच्या आत पाऊस पडायला लागला की काय? झाकली मूठ सव्वालाखाची म्हणून मी गप्प बसले. आता तुम्हीही ओळखलंत, म्हणजे मूठ उघडीच आहे म्हणायची. ऐका मग. पण बॉनेटला टेकून उभे राहू नका, पत्रा तापलाय.

यांची एक रीत होती शिकवायची. स्टीलचा पेला — तोच तो, दुसरा नाही — काठोकाठ भरायचा आणि डॅशबोर्डवर ठेवायचा. खाली रबराची चकती, पेला घसरू नये म्हणून. पाणी सांडू नये म्हणून काही नाही. आणि नव्या माणसाला म्हणायचे, गाडी चालवायची नाहीये, पाणी न्यायचंय. गाडीचं गाडी बघेल, तुम्ही पाणी सांभाळा. झालं, क्लच झटक्यात सुटला की भस्सकन पाणी यांच्या मांडीवर. पण रागावणं नाही. रुमाल काढायचा, पुसायचं, पुन्हा पेला भरायचा — 'पुन्हा.' एवढंच बोलायचं. बायकोवर ओरडायला घसा मोकळा आणि विद्यार्थ्यापुढे साधुसंत! आणि ज्या दिवशी थेंबही सांडायचा नाही, त्या दिवशी तर तोंडातून अक्षर नाही. शाब्बास नाही, काही नाही. गाडी थांबली की आपलं दार उघडायचे, उतरायचे, फाटकाच्या खांबाशी जायचे आणि खांबाकडे तोंड, गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. म्हणजे काय? म्हणजे जा. आता एकटे जा. एक फेरी मारून या, किल्ली द्या नि घरी जा. मी विचारलं होतं एकदा, पाठ कशाला करता? तर म्हणाले, मी बघत राहिलो तर तो माझ्यासाठी चालवेल. आणि शिकून झालेला कुणी पुढे भेटायला आला, मिठाईबिठाई घेऊन, तर फाटकातूनच वाटेला लावायचे. शिकलात ना? मग इथं काय काम? झालेल्या विद्यार्थ्यानं परत फाटकात दिसायचं नाही, असा खाक्या. लोक म्हणायचे, मास्तर तुसडे आहेत. असू देत.

आणि तास संपला की पेल्यातलं पाणी फेकायचं नाही. बॉनेट उघडायचं आणि गाडीच्या पाण्याच्या डब्यात ओतायचं. तीही राबलीये, तिलाही पाजा, म्हणायचे. रोज, दर तासाला, सगळा जन्म. आता डोकं सगळं विसरलं, भाऊ. माणसं विसरलं, घर विसरलं. हात मात्र विसरला नाही. पण हाताला झाकणं कुठली ओळखू येतायत? एक पाण्याचं, एक ऑइलचं, दोन्ही शेजारी. रोज पेला घेऊन उतरायचे नि प्रेमानं पाजायचे तिला. आणि मी कुठं होते म्हणता? मी स्टिअरिंगवर! बॉनेट उचललं की समोर नुसता पत्रा, पलीकडचा माणूस काय करतोय दिसतं? एवढ्या गाड्या घेतल्यात, बसून बघा एकदा. मला वाटायचं, घालतायत पाणी, नेहमीचं. एक दिवस लाल दिवा लागला, आत खडखड खडखड झालं, आणि गल्लीच्या तोंडाशी अशी काही गप्प झाली की बस. आपलेच दात नि आपलेच ओठ. दात कुणाचे पाडायचे?

मिस्त्री म्हणाला, मावशी, दुसरं इंजिन घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला. मी म्हटलं, कोंबडी माझी, मसाला माझा, तुझं काय पोट दुखतंय? — चहा घ्या तो, निवतोय. साखर कमी आहे, मी कमीच घालते सगळ्यांना.

मी चालवते का म्हणता? बघा, हे असं विचारता तुम्ही. चालवते का! अहो, यांनी निम्मी माणसं शिकवली असतील तर उरलेली निम्मी मी शिकवली. पण मला कुणी शिकवलं ते विचारा. कुणी नाही. तेव्हा बाया शिकायला यायला लागल्या होत्या, आणि घरचे एकटीला पाठवायला तयार नसत — परक्या माणसाशेजारी बसायचं, पाय पेडलवर, काय म्हणतील लोक — म्हणून यांनी तोडगा काढला, आमची ही मागे बसेल. ही म्हणजे मी. मागच्या शिटवर, मुलगा मांडीवर, हातात विणकाम, पहारा द्यायला. पहारा कसला! मी गाडीला कान लावून बसायची. गिअर कधी मागते गाडी, क्लच कुठं धरतो, ब्रेक कधी चोरून लावावा — सगळं मागं बसून, सुया न थांबवता. समोरची बाई आठ-आठ दिवस एकाच चुकीत अडकायची आणि माझे पाय मागं चपलेत हलत असायचे. मग एकदा यांना ताप भरला, अंथरुणातून उठवेना, आणि त्याच दिवशी एका बाईची परीक्षा. ती फाटकात रडत उभी. मी मुलाला शेजारणीकडे दिलं, किल्ली घेतली, तिला शेजारी बसवलं नि गाडी घेऊन गेले. परत आले तर हे दारात, शाल गुंडाळून, डोळे लाल. 'शिकवलं कुणी तुला?' मी म्हटलं, तुम्हीच. शिकवत तिला होतात, शिकले मी. आत जाऊन झोपले. पुढं मला गाडी दिली, विद्यार्थी दिले, सगळं दिलं, पण माझ्या शेजारी कधी बसले नाहीत. मी म्हणायची, एकदा तरी पेला ठेवा, बघा माझी चाल. तर म्हणायचे, तुला काय शिकवायचं, तू जन्मतःच शहाणी. एवढ्या सगळ्या बायांसाठी त्या खांबाशी जाऊन उभे राहिले. माझ्यासाठी नाही. मनात राहून गेलं ते माझ्या. राहू दे, असतं प्रत्येकाचं काहीतरी.

हे आजारपण सुरू झालं तेव्हा पहिली मीच पुसली गेले, भाऊ. मुलाला ओळखायचे, मिस्त्रीला ओळखायचे, मला नाही. घरात ताट वाढलं की भिंतीला विचारतात, या बाई कोण? इथं कशा? मी खोलीत शिरले की अंग चोरून घेतात. शर्टाची बटणं लावायला गेले तर हात धरतात माझा — नको, आमच्या हिला आवडायचं नाही. आता बोला! ही इथं उभी, आणि हिला आवडायचं नाही. एकदा कंटाळून मी गाडीत जाऊन बसले, स्टिअरिंगवर, उगाच, डोळे पुसायला एक जागा हवी म्हणून. तर हे पेला भरून घेऊन आले! शेजारचं दार उघडलं, बसले, पट्टा लावला, पेला ठेवला चकतीवर, आणि माझ्याकडे बघितलं. नीट, पूर्वीसारखं. म्हणाले, 'घाबरू नका, बाई. पहिल्या दिवशी सगळेच घाबरतात. आरसा दिसतोय ना नीट?'

तेव्हापासून रोज. घरात मी कुणी नाही, गाडीत मी नवी विद्यार्थिनी. आणि शिकवतात काय सांगू! हात कुठं धरायचा, मान किती वळवायची. मी, जिच्या हाताखालून एवढे लोक गेले, ती मी आपली म्हणायची, हो मास्तर, चुकलं मास्तर. लाज कसली? तुम्हाला सांगते, आयुष्यात मी कुणापुढे मान तुकवली नाही, सासूपुढे नाही, यांच्यापुढे तर नाहीच नाही. इथं तुकवते. तासभर माझ्याशी बोलतात हो ते! नाहीतर दिवसभर घरात काय? भिंती.

तर आता सांगा, विकू गाडी?

बंद गाडीत कसला तास म्हणता? म्हणूनच म्हटलं, इंजिन — बरं, थांबा. तो पेला आधी मी भरते, नळ इथंच आहे, आणि तुम्ही तो कप ठेवा कट्ट्यावर नि पुढून या. पुढून, बॉनेटशी. एवढे दंड आहेत, जरा ढकला मागं, शेडपर्यंत. रोज मीच ढकलते, म्हणून तर हा खांदा असा झालाय, म्हणून तर मुलगा ओरडतो. मी बसते स्टिअरिंगवर. आले हो मास्तर! आले, चुकलं, उशीर झाला. — ढकला. जोर पायातून काढा, कंबरेतून नको. हां. चढ आहे तो, दिसत नाही पण आहे. घराच्या कडेकडेनं शेडपासून फाटकापर्यंत सगळा उतार. आला ना लक्षात आमचा तास? हँडब्रेक सोडायचा, गाडी आपली हळूहळू फाटकाकडे. इंजिन नको, काही नको. पहिल्या दिवशी मला धास्ती, की विचारतील आवाज का नाही. विचारलं नाही. उलट खूश! म्हणाले, 'वा, बाई, आज गाडी सुरू झालेली कळलीसुद्धा नाही.' — बास. लागली शेडला. दम खा.

आता घाम पुसत पुसत मला शहाणपण शिकवू नका. पेला काढून ठेवा म्हणे! मुलगाही तेच म्हणाला. ठेवला होता लपवून. पेला नाही तर गाडीत चढले नाहीत दिवसभर, सगळ्या घरात भांडी उपसत बसले. आणि इंजिन दुसरं घातलं तरी त्यातही तेच पाणी जाणार, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? कळतं. मिस्त्रीला मी दोनदा बोलावलं नि दोनदा परत पाठवलं, ते काय उगाच? खरं विचाराल तर गाडी बंद पडल्यापासून तास जास्त छान होतो. आवाज नाही, धक्का नाही, पाणी आरशासारखं. छान होतो, तीच तर पंचाईत! अहो, बंद गाडीत पाणी हलणार कसं? परवा म्हणाले, 'बाई, हात बसला तुमचा. दोन-चार दिवसांत सोडतो तुम्हाला.' सोडतो! सोडल्यावर मी जाऊ कुठं? आणि झालेल्या विद्यार्थ्यानं परत दिसायचं नाही ना? म्हणून मग मी फाटकाशी आलं की जरासा पाय आपटते ब्रेकवर. पाणी यांच्या मांडीवर. रुमाल, पुसणं, 'पुन्हा.' की उद्याचा दिवस माझा. — काय बघताय? हो, मुद्दाम! रोज मुद्दाम सांडते. पँट कशी ओली झाली विचारत होतात ना मनातल्या मनात, ही अशी. थंडीबिंडी वाजत नाही त्यांना, मी एरवी कोमट घेते पाणी.

आता आलातच तर एक तास बघून घ्या, आणि मग म्हणा विका. खिडकीशी चाला माझ्या, मधे येऊ नका. पट्टा — लावला, मास्तर. आरसा बघितला, मास्तर. — हँडब्रेक सोडला की नाही? सोडला. बघा, चालली. कळली तरी का? मोठ्यानं बोला हवं तर, ते ऐकत नाहीत; तासाला बसले की त्यांची नजर पाण्यावर. बघा कशी नजर ती. घरात हीच नजर कशी भिरभिरत असते, बघवत नाही. आणि ब्रेक काय कडक झालाय, भाऊ, इंजिन बंद म्हणजे दगडावर पाय ठेवल्यासारखं, सगळा भार मांडीवर घ्यावा लागतो — चाला ना, मागं का राहता? — तुम्हाला एक सांगते, कुणाला सांगितलं नाही, मुलालासुद्धा नाही. मागल्या आठवड्यात इथंच, या नळापाशी, हे सारखे आरशात बघत होते. मागच्या शिटकडे. मी म्हटलं, काय झालं, मास्तर? तर म्हणाले, 'आमची ही मागे बसते नेहमी. आज दिसत नाही. रुसली असेल.' मी म्हटलं, येतील, कामात असतील. मग थोडं अंतर गेलो आणि माझ्याकडे असे झुकले, आवाज बारीक केला, म्हणाले, 'तुम्हाला म्हणून सांगतो, बाई. माझ्यापेक्षा चांगली चालवते ती. मी तिच्या शेजारी कधी बसलो नाही. काय शिकवणार होतो मी तिला? माझ्याच चुका दिसल्या असत्या.' आणि म्हणाले, 'पण हे तिला सांगू नका हं. डोक्यावर बसेल.' — आता काय म्हणावं याला, भाऊ! इतक्या वर्षांनी बोलले, ते परक्या बाईपाशी, माझी चहाडी माझ्याच तोंडावर! मी म्हटलं, नाही सांगणार, मास्तर. शब्द दिला. आणि तुम्हाला खरं सांगते, तो शब्द मी पाळलाय, मी मला सांगितलंच नाही अजून, दुपारी भांडी घासताना आठवलं तरी मी म्हणते, ते त्या विद्यार्थिनीला बोलले, आपण कशाला —

आलं फाटक. थांबली.

काय झालं? असे काय बघताय पेल्याकडे?

सांडलं नाही.

अगं बाई. सांडलं नाही! अहो, मी तुमच्याशी बोलत होते, बोलण्याच्या नादात पाय आपला आपण — एवढ्या वर्षांचा पाय, त्याला कोण सांगणार आज चुकायचंय म्हणून — मास्तर! मास्तर, हललं होतं पाणी, काठावर आलं होतं, मी बघितलं. हा बघा, इथं ओलं आहे, एक थेंब, हा — अहो, पट्टा कशाला सोडताय? मला नाही येत अजून! रिव्हर्स कुठं शिकवलाय तुम्ही मला? घाटातली — चढावरची गाडी कुठं शिकवलीत? मास्तर, उद्याचा एक दिवस, फक्त उद्याचा — नाही, नाही, भाऊ, तुम्ही दार धरू नका त्यांचं. धरू नका म्हणते ना! उतरायचंय त्यांना. उतरू द्या.

चपला बघून पाय ठेवा हो. दगड आहे तिथं.

बघा. गेले खांबाशी. पाठ केली. मान बघा कशी ताठ, कॉलर बघा — सकाळी मीच इस्त्री केली, तेव्हा म्हणत होते, ठेवा हो, आमची ही करेल.

थांबा जरा. काही बोलू नका. बघू द्या मला.

काय म्हणता, हाताला धरून घरात न्या? मी खाली उतरले ना, की मी परत ती ताटवाली बाई. धरू देणार नाहीत हात. आणि गाडी गेल्याशिवाय ते हलायचे नाहीत तिथून. एकदा एक भित्री पोरगी गाडीत रडत बसली होती, जाईना, तर ऊन डोक्यावर येईतो हे असेच उभे. वळून बघितलं नाही. आणि आता पाय थरथरतायत त्यांचे, दिसतंय का? गुडघ्यात बघा. तेव्हा तरणे होते.

तुमचा टेम्पो फाटकाबाहेरच आहे ना? मग आणा पुढं. लांब दोर घ्या, टेम्पो त्यांच्या नजरेत नको, तसे खांबाकडेच बघतायत म्हणा. खालचा हूक डाव्या अंगाला आहे, गंजलाय पण मजबूत आहे. आणि टेम्पो जोरात चालू करा, चांगला घरघर करा. ऐकू येईल त्यांना. येऊ दे, त्यांना वाटेल माझंच इंजिन. — कागदांचं मुलगा बघेल, तो नि तुम्ही. शेजारीण खिडकीत आहे, तिला मी हात केलाय, ती लक्ष ठेवेल तोवर. मी कोपऱ्यापर्यंत येते, तिथं गाडी तुमची, मी चालत परत. फाटकात विचारतील, कोण पाहिजे आपल्याला? विचारू देत. सांगेन काहीतरी.

आता काय? तुमचा माणूस बसेल स्टिअरिंगवर? का, टोचन केलेल्या गाडीत माणूस लागतो हे मला सांगताय? ओढणारी गाडी थांबली की मागच्यानं ब्रेक लावायचा असतो, दोर ढिला पडू द्यायचा नसतो, माहितेय मला. शिकले मी, उतरले ते माझ्यासाठी, आणि गाडी नेणार तुमचा माणूस? हा पेला? राहू दे तिथंच. तोही येईल कोपऱ्यापर्यंत. हसू नका. — तर मग विकली का म्हणता? दुरुस्त करायची की विकायची, यावरच मघापासून आपलं जुंपलंय ना?

दोर बांधा, भाऊ — आणि हळू ओढा, पाणी सांडायचं नाही.